प्रश्न विचारायला सभागृह भरावे लागते

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यापासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागात लहान मुले दगावू लागली. आरंभी साधा ताप आणि खोकला, मग लघवी बंद, मूत्रपिंडे निकामी, आणि शेवटी नागपूरच्या रुग्णालयापर्यंतची धावपळ, असा बहुतेक मुलांचा क्रम होता. महिना उलटत आला तरी कारण निश्चित होईना. ऑक्टोबरच्या प्रारंभी राज्याचे उपमुख्यमंत्री व आरोग्यखाते सांभाळणारे राजेंद्र शुक्ल यांनी, तपासलेल्या नमुन्यांत मृत्यूस कारण ठरावे असे काही आढळले नाही, असे सांगितले. त्याच सुमारास तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने कांचीपुरम् जिल्ह्यातील कारखान्यातून ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाचा नमुना उचलला आणि त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे जाहीर केले. या विषारी द्रव्याची औषधातील सोसली जाणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. मध्य प्रदेशाने ४ ऑक्टोबरला बंदी घातली. ७ ऑक्टोबरला शुक्ल यांनीच मृतांचा आकडा २० सांगितला: १७ छिंदवाड्याचे, २ बैतूलचे, १ पांढुर्ण्याचा. पुढे तो आणखी वाढला.

मंत्र्यांचे पहिले विधान खोटेपणाचे होते असे म्हणण्याचे कारण नाही. कदाचित त्यांच्यापुढे जो कागद आला तो त्यांनी वाचून दाखवला. पण एक साधा प्रश्न तेव्हाच विचारला जायला हवा होता. तपासलेले नमुने नेमके कोणत्या औषधांचे होते? त्यांत मुलांना दिलेल्या औषधाचा तोच साठा होता का? पत्रकार परिषदेत असा प्रश्न विचारता येतो, आणि मंत्री पुढच्या पत्रकाराकडे वळू शकतात. सभागृहात तसे वळता येत नाही, कारण तिथे दिलेले उत्तर नोंदले जाते, ते चुकीचे निघाले तर मंत्र्यांना दुरुस्तीसाठी पुन्हा उभे राहावे लागते आणि सभागृहाची दिशाभूल केली असे ठरले तर हक्कभंगाचा प्रसंग येतो. संसदीय भाषेत यालाच पूरक प्रश्न म्हणतात. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्याचे अधिकारी लिहून देतात. पूरक प्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतःच उत्तर द्यावे लागते.

तो प्रश्न विधानसभेत विचारला गेला नाही. कारण विधानसभा भरलेलीच नव्हती. पावसाळी अधिवेशन ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपले होते आणि हिवाळी अधिवेशन १ डिसेंबरला सुरू व्हायचे होते. मुले दगावली ते सगळे दिवस या दोन तारखांच्या मधले आहेत.

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे गोव्यातील वाचकाला फारशी परिचित नसतील. पांढुर्ण्याचे नाव वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दूरचित्रवाणीवर झळकते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरची माणसे एकमेकांवर दगड भिरकावतात. त्या गोटमारीत दरवर्षी शेकडो जखमी होतात, आणि त्यानंतर वर्षभर त्या गावाकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः नागपूर जिल्ह्याची सीमा ओलांडली की लगेच लागणारा हा मुलूख भाषेने, शेतीने आणि सणावारांनी विदर्भाचाच आहे. संत्र्याच्या बागा इकडेही तशाच आणि तिकडे वरुड, काटोल, नरखेडलाही तशाच. घरात मराठी, कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, म्हणजे या भागाचा प्रतिनिधी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या सभागृहात आपले गाऱ्हाणे मांडत असे. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मागे राहिला, आणि राजधानी पांढुर्ण्यापासून जवळपास तिप्पट लांब, भोपाळला, गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हा भाग काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला, विधानसभा निवडणुकीच्या अगदी तोंडावर.

त्या निवडणुकीचा कौल या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. राज्यातील २३० जागांपैकी १६३ भारतीय जनता पक्षाला मिळाल्या, काँग्रेसला ६६. पण जुन्या छिंदवाडा जिल्ह्याच्या सातही जागा काँग्रेसने राखल्या. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या पांढुर्ण्यातून निलेश उईके आणि सौंसरमधून विजय चौरे पुन्हा निवडून आले. म्हणजे नव्या जिल्ह्याचे दोन्ही आमदार विरोधी बाकांवर बसले. पुढच्याच वर्षी लोकसभेला चित्र उलटले: कमलनाथांच्या घराकडे दीर्घकाळ असलेला छिंदवाडा मतदारसंघ भाजपच्या विवेक साहू यांनी जिंकला. शेजारच्या अमरवाड्याचे काँग्रेस आमदार कमलेश शाह भाजपमध्ये गेले आणि जुलै २०२४ च्या पोटनिवडणुकीत नव्या चिन्हावर परत आले. गोव्यातील वाचकाला ही गोष्ट काही नवी वाटणार नाही. आपल्याकडे १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी एकाच दिवशी बाके बदलली होती.

सत्ताधारी आमदाराला प्रश्नोत्तराच्या तासाची फारशी गरज नसते. त्याचे काम मंत्र्याच्या दालनात होते, फोनवर होते, बदलीच्या शिफारशीत होते. डिसेंबर २०१८ ते मार्च २०२० या पंधरा महिन्यांत, कमलनाथ मुख्यमंत्री असताना, उईके आणि चौरे यांनाही तो मार्ग खुला होता. आता तो नाही. विरोधी आमदाराजवळ निधी मंजूर करण्याचा अधिकार नाही, अधिकाऱ्याला बोलावण्याचा अधिकार नाही. प्रशासनाकडून लेखी उत्तर मिळवण्याचा एकच हक्काचा मार्ग त्याला घटनात्मक व्यवस्थेने दिला आहे, आणि तो म्हणजे प्रश्न. नव्या जिल्ह्याला किती कार्यालये मंजूर झाली, त्यांपैकी किती छिंदवाड्यातूनच चालतात, औषध निरीक्षकाचे पद पांढुर्ण्यात आहे की कुणाकडे अतिरिक्त कार्यभार आहे, ही माहिती दालनात जाऊन मिळत नाही. ती विचारून घ्यावी लागते.

आता हे विचारणे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. अधिवेशनाची अधिसूचना निघाली की ठरावीक मुदतीत आमदार आपले प्रश्न सचिवालयात देतात. कोणता प्रश्न तारांकित यादीत वर येणार हे सोडतीने ठरते. भोपाळमध्ये या सोडतीला ‘शलाका’ असा जुना, भारदस्त शब्द आहे. यादी लांब असली तरी तास एकच, आणि तोही गोंधळात वाहून गेला नाही तर. यादीतले निम्मे प्रश्नही बहुधा तोंडी चर्चेला येत नाहीत. उरलेल्यांची उत्तरे छापील स्वरूपात पटलावर ठेवली जातात. त्या छापील उत्तरांत एक वाक्य इतक्या वेळा येते की मध्य प्रदेशातील पत्रकारांना ते तोंडपाठ झाले आहे: ‘जानकारी एकत्रित की जा रही है.’ माहिती गोळा केली जात आहे. हे उत्तर नियमाबाहेरचे नाही. त्याची सोयही करून ठेवली आहे: मागील अधिवेशनांतील अपूर्ण उत्तरांची पूर्ण उत्तरे पुढे केव्हातरी संकलन करून पटलावर ठेवली जातात, आणि कार्यसूचीत तसे एक कलमच असते. पण पूर्ण उत्तर आले तेव्हा त्यावर पूरक प्रश्न विचारायची संधी निघून गेलेली असते. प्रश्नाचा जीव पूरक प्रश्नात असतो, हे खात्यातील अनुभवी बाबूंना आमदारांपेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

या ठिकाणी आयर्लंडकडे वळतो. एवढ्या दूरच्या देशाचा दाखला कशाला, असे वाचकाने विचारणे रास्त आहे. एक कारण व्यवस्थेचे आहे. प्रश्न विचारण्याची पद्धत आयर्लंडने आणि आपण एकाच घरातून, ब्रिटिश संसदेतून, घेतली. १८९२ च्या कायद्याने हिंदुस्थानातील कायदेमंडळांच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची प्रथम मुभा मिळाली आणि पूरक प्रश्नाचा हक्क १९०९ मध्ये आला. त्याच काळात लंडनच्या संसदेत प्रश्न आणि अडवणूक ही दोन शस्त्रे सर्वांत कौशल्याने वापरणारे सदस्य आयरिश होते. त्यांच्यापैकी आल्फ्रेड वेब १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वेही आयरिश घटनेवरून आली. दुसरे कारण आपल्या शेजारचे आहे. सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे मूळ असलेल्या, मुंबईहून तिकडे गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि दुसऱ्या खेपेला डिसेंबर २०२२ पासून एप्रिल २०२४ पर्यंत त्या पदावर होते. गोव्याच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा वराडच्या घराची छायाचित्रे कौतुकाने छापली. त्या पदावरच्या माणसाला दर आठवड्याला काय सोसावे लागते, याकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

डब्लिनच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे ‘डॉल’मध्ये, अधिवेशन चालू असेल त्या प्रत्येक आठवड्यात मंगळवारी आणि बुधवारी पंतप्रधान उभे राहतात आणि विरोधी गटांचे नेते त्यांना प्रश्न विचारतात. गुरुवारी उपपंतप्रधान किंवा दुसरा मंत्री ती जागा घेतो. मोजून काही मिनिटे प्रश्नाला, तेवढीच उत्तराला, मग एक पूरक फेरी. विषयाची आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. वराडकर यांच्यासमोर शिन फेन पक्षाच्या मेरी लू मॅकडॉनल्ड दर आठवड्याला उभ्या राहत, आणि आता त्या मिहॉल मार्टिन यांच्यासमोर उभ्या राहतात. कधी घरभाडे, कधी रुग्णालयातील खाटा, कधी विजेचे बिल. त्या नेहमी न्याय्यच बोलतात असे नाही. निम्मे प्रश्न तर संध्याकाळच्या बातम्यांसाठीच विचारलेले असतात. पण पंतप्रधानाला त्या दिवशी सकाळी देशात काय चालले आहे ते वाचून यावे लागते, आणि खात्यांनाही ते त्याला कळवावे लागते. या पद्धतीची खरी उपयुक्तता उत्तराच्या आधीच्या त्या तासांत आहे.

परासियात मुले दगावत होती त्याच सप्टेंबरात डॉलमध्येही मुलांच्याच प्रकृतीवरून वादळ उठले होते. पाठीचा कणा वाकलेल्या मुलांना शस्त्रक्रियेसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागते, हा तिथला जुना दुखरा विषय आहे. सायमन हॅरिस आरोग्यमंत्री असताना २०१७ मध्ये त्यांनी आश्वासन दिले होते की कोणत्याही मुलाला चार महिन्यांपेक्षा अधिक वाट पाहावी लागणार नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात दीर्घकाळ वाट पाहिलेला एक नऊ वर्षांचा मुलगा गेला. हॅरिस तेव्हा उपपंतप्रधान होते. उन्हाळी सुट्टीनंतर संसद भरताच विरोधकांनी आठ वर्षांपूर्वीचे ते आश्वासन त्यांच्यापुढे ठेवले. राजीनामा झाला नाही. मुलेही लगेच बरी झाली नाहीत. परंतु आपण दिलेला शब्द मोडला, हे त्या मंत्र्याला पुन्हा पुन्हा, उभे राहून ऐकावे लागले.

आयरिश राजकारणात या हक्काचे मोल किती मानले जाते, हे वर्षाच्या सुरुवातीलाच दिसले होते. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर १७४ सदस्यांच्या सभागृहात सरकारला काही अपक्षांचा पाठिंबा घ्यावा लागला. मायकल लाउरी यांच्या नेतृत्वाखालील त्या गटाने पाठिंबा सरकारला दिला आणि बोलण्याची वेळ मात्र विरोधकांच्या वाट्यातली मागितली. विरोधी पक्षांनी २२ जानेवारी २०२५ रोजी इतका गदारोळ केला की त्या दिवशी पंतप्रधानाची निवड होऊ शकली नाही. ती दुसऱ्या दिवशी झाली. मार्चमध्ये पुन्हा गोंधळ, सभापती वेरोना मर्फी यांच्यावर अविश्वास, आणि अखेर बहुमताच्या जोरावर सरकारने आपले म्हणणे रेटले. गोंधळाचे समर्थन मी करणार नाही. पण भांडण कशावरून होते ते पाहण्यासारखे आहे. मंत्रिपदावरून नव्हते, महामंडळावरून नव्हते; सरकारला प्रश्न कोणी विचारायचा, यावरून होते. गोव्यातही सरकारला पाठिंबा देणारे अपक्ष आहेत, आणि सत्ताधारी बाकांवरचे सदस्य आपल्याच मंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारतात. ते प्रश्न कधी खरोखर खोचक असतात, कधी मंत्र्याला कामगिरी सांगता यावी म्हणून दिलेले असतात. प्रत्येक अशा प्रश्नाने तासातली काही मिनिटे जातात. ती कोणाच्या वाट्यातली, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

प्रश्नाला सरळ उत्तर न देण्याची किंमत काय पडते, याचाही धडा आयर्लंडनेच दिला आहे. तिथल्या गोमांस-प्रक्रिया उद्योगातील गैरव्यवहारांविषयी विरोधी सदस्य संसदेत वारंवार विचारत होते आणि त्यांना त्रोटक, वळसे घेणारी उत्तरे मिळत होती. शेवटी एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमानंतर १९९१ मध्ये न्यायालयीन चौकशी नेमावी लागली. ती १९९४ पर्यंत चालली आणि खर्च अफाट झाला. चौकशी करणारे न्यायमूर्ती लियम हॅमिल्टन यांनी सुनावणीच्या ओघात मारलेला शेरा आयरिश राजकारणात आजही सांगितला जातो: इथे प्रश्नांना जशी उत्तरे मिळाली तशी संसदेतच मिळाली असती तर या चौकशीची गरज पडली नसती.

डब्लिनची पद्धत भोपाळला जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे कबूल केले पाहिजे. आयर्लंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर आहे. एकट्या मध्य प्रदेशात सात कोटींहून अधिक माणसे आहेत. तिथे आरोग्याचा प्रश्न एकाच सरकारला विचारता येतो. आपल्याकडे औषधाचा कारखाना एका राज्यात, दुकान दुसऱ्या राज्यात, रुग्णालय तिसऱ्या राज्यात आणि देखरेखीचा काही भाग केंद्राकडे. परासियाच्या मुलांच्या बाबतीत नेमके हेच झाले: कांचीपुरम्, छिंदवाडा आणि नागपूर. सरकारच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. अहवाल आल्यावर बंदी तत्काळ घातली गेली, औषध नियंत्रकांना पदावरून हटवले, निरीक्षक निलंबित झाले, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला आणि पुढे कंपनीच्या मालकाला अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, मुख्यमंत्री मोहन यादव परासियाला जाऊन आले. कृती झालीच नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र ही सारी कृती ऑक्टोबरातली आहे, आणि प्रश्न सप्टेंबरचा आहे. पहिल्या मृत्यूपासून बंदीपर्यंतच्या महिनाभरात कोणाला केव्हा काय कळले होते, हे अटकेने उघड होत नाही. ते क्रमाक्रमाने, तारीखवार विचारून काढावे लागते.

घटनेच्या कलम १७४ प्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, एवढेच बंधन आहे. किती दिवस बसावे, यावर काही नाही. देशभरातील विधानसभा अलीकडे वर्षाला सरासरी वीस-बावीस दिवस भरतात, हा विधिमंडळांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचा निष्कर्ष आता सर्वपरिचित आहे. त्यात पक्षाचा भेद नाही. काँग्रेसच्या राज्यांतही फार वेगळे चित्र नसते. मध्य प्रदेशाचे २०२५ चे हिवाळी अधिवेशन १ ते ५ डिसेंबर असे होते, आणि त्यातही भोपाळ वायुदुर्घटनेच्या स्मृतिदिनाची ३ डिसेंबरची सुट्टी. तीन महिन्यांपासून साठलेले प्रश्न आणि बैठकी चार.

विरोधी पक्षाने त्या चार दिवसांचे काय केले, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. पहिल्याच दिवशी काँग्रेसचे आमदार मुलांच्या बाहुल्या हातात घेऊन विधानभवनाच्या आवारात आले. एका महिला आमदाराने पूतनेचे रूप घेतले होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ते छायाचित्र ठळकपणे आले. संताप खरा होता, उपमाही लोकांना कळणारी होती. पण त्या छायाचित्रामुळे सरकारचे काहीच बिघडत नाही. पूतनेला उत्तर द्यावे लागत नाही. ज्या पक्षाच्या आमदारांना वर्षात मोजकेच दिवस सभागृह लाभते, त्यांनी त्यातला प्रत्येक तास जपून वापरायला हवा. भोपाळमध्ये असो, मुंबईत असो वा पर्वरीत, सभात्याग करणारा सदस्य एका अर्थी मंत्र्याची सुटका करून बाहेर पडतो. उमंग सिंघार यांच्यासारख्या आक्रमक विरोधी पक्षनेत्याला हे समजत नसेल असे नाही. अडचण अशी आहे की सभागृहातील कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे ही विरोधकांची मागणी तिथे बराच काळ लोंबकळत राहिली आहे. आत विचारलेला प्रश्न मतदाराला दिसत नाही, बाहेरचा वेष दिसतो. मग आमदार वेष करतो. गोव्यात विधानसभेचे कामकाज घरबसल्या पाहता येते. विरोधी बाकांवरचे अवघे सात जण, विरोधी पक्षनेते युरी आलेमाव असोत की विजय सरदेसाई, कोणता कागद हातात घेऊन उभे राहतात ते सासष्टीतल्या आणि पेडण्यातल्या मतदाराला कळते. आपल्याकडच्या प्रश्नांना धार आहे ती काही अंशी त्यामुळे.

पांढुर्णा-सौंसरच्या प्रश्नांचे आणखी एक दुखणे आहे, आणि ते संत्र्याच्या उदाहरणाने चटकन समजते. या पट्ट्यातील संत्र्यांची मोठी बाजारपेठ बांगलादेश होती. त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेले, २०२३ मध्ये ते किलोला ८८ रुपयांपर्यंत गेल्याचे वृत्त होते, आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. महाराष्ट्र सरकारने आपल्या राज्यातील निर्यातीसाठी अनुदान जाहीर केले. वरुडचा बागायतदार निदान त्या घोषणेच्या अंमलबजावणीसाठी भांडू शकतो. सीमेच्या अलीकडे, तीच जात, तोच बहार, तोच व्यापारी असलेल्या पांढुर्ण्याच्या बागायतदाराला ती घोषणा लागू नाही. त्याच्या आमदाराने भोपाळला प्रश्न दिला तर परराष्ट्र व्यापार हा केंद्राचा विषय, म्हणून त्याचा अर्धा भाग नियमानेच गळून पडतो. दिल्लीत तो विचारायचा तर खासदार सत्ताधारी पक्षाचे. अर्थात सत्ताधारी खासदारालाही लोकसभेत प्रश्न विचारता येतो, आणि कित्येक विचारतातही. पण आपल्याच सरकारला अडचणीत आणणारा पूरक प्रश्न त्याच्याकडून अपेक्षित नसतो. तरीही भोपाळला विचारण्यासारखा अर्धा प्रश्न उरतोच: शेजारच्या राज्याने जे अनुदान दिले त्याचा विचार या राज्याने केला का, केला असेल तर कोणत्या बैठकीत, आणि नसेल तर का नाही? हा प्रश्न नीट शब्दांत मांडला तर ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर देता येणार नाही.

नीट शब्दांत, असे म्हटले खरे, पण कोणत्या भाषेतल्या शब्दांत? घटनेच्या कलम २१० प्रमाणे विधानसभेचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. ज्या सदस्याला या भाषांत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. सवलत असमर्थतेसाठी आहे, आवडीसाठी नाही. सौंसरच्या माणसाला हिंदी उत्तम येते, म्हणून ही सवलत त्याच्या कामाची नाही. गाऱ्हाणे मराठीत ऐकायचे, प्रश्न हिंदीत लिहायचा, उत्तर हिंदीत घ्यायचे आणि चावडीवर पुन्हा मराठीत सांगायचे, हा प्रवास तिथल्या प्रत्येक आमदाराने केला आहे, पक्ष कोणताही असो. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून गोव्यात जे रण माजले त्याच्या आठवणी अजून ताज्या आहेत आणि मराठीच्या स्थानाविषयीचा वाद संपलेला नाही; तरी पर्वरीच्या सभागृहात सदस्य मराठीत उभा राहिला तर कोणी त्याला थांबवत नाही. डब्लिनमध्ये आयरिश भाषेत बोलणाऱ्या सदस्याचे भाषण त्याच क्षणी इंग्रजीत ऐकवले जाते, आणि बहुसंख्य सदस्य इंग्रजीच बोलत असले तरी ती सोय काढून घ्यावी असे कोणी म्हणत नाही. भोपाळच्या सभागृहात मराठीसाठी अशी मागणी झाली तर ती मान्य होईल, असा माझा भ्रम नाही. परंतु पांढुर्णा जिल्ह्याशी संबंधित प्रश्नांची उत्तरे मराठीतही छापून तहसील कचेरीत लावावीत, एवढी मागणी विजय चौरे आणि निलेश उईके यांना करता येईल. तिला ना घटनादुरुस्ती लागते, ना मोठा खर्च.

१९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते. भोपाळचे अधिवेशन ५ डिसेंबरला संपले आणि ८ डिसेंबरला नागपूरचे सुरू झाले. पांढुर्ण्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारपूर्वी त्या विधानभवनाच्या फाटकापर्यंत पोहोचतो. तिथे त्याच्याच भाषेत, त्याच्याच पिकाविषयी बोलणे चाललेले असते, आणि जिथे परासियाच्या मुलांनी शेवटचे श्वास घेतले ती रुग्णालयेही त्याच शहरात आहेत. पण तिथल्या एकाही मंत्र्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्या आमदाराला नाही. ज्यांना विचारायचे ते भोपाळला आहेत, आणि भोपाळचे सभागृह ५ डिसेंबरनंतर अर्थसंकल्पाच्या अधिवेशनापर्यंत बंद झाले. पहिल्या मृत्यूची खबर जिल्हा प्रशासनाला कोणत्या तारखेला मिळाली, औषधाचा पहिला नमुना कोणत्या तारखेला घेतला, तो प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचला आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी मंत्र्यांनी ज्या अहवालाच्या आधारे विधान केले त्या अहवालात कोल्ड्रिफचे नाव होते की नव्हते, अशा तीन तारखांचा आणि एका नावाचा प्रश्न शलाकेत कोणाच्या वाट्याला येतो, ते पाहायचे.